नकाशातला गोठा

खालची वस्ती, ता. पारनेर
१६ जानेवारी २०२५

चि. मोनिका,

तुझ्या आईनं, चांगुणानं, संक्रांतीचा तिळगूळ पाठवला तो पोचला. तू वकील झालीस तेव्हा मी पेढे खाल्ले होते, पण तुझ्याकडे काम घेऊन यायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

फोन का केला नाही म्हणशील. मोबाईलवर माणसाचा आवाज मला पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येतो. शिबिरात कानाचं मशीन दिलं होतं, ते नुसतं शिट्ट्या मारतं. समोर माणूस असलं की ओठांवरून कळतं, फोनला ओठ कुठले? भावाच्या पोराला, रविराजला, म्हटलं असतं तर त्यानं व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं असतं. पण तो मोबाईल त्याच्याच खिशात असतो. म्हणून ही चिठ्ठी.

गेल्या महिन्यात आमच्या रानातून तिपाईवर मशीन ठेवत माणसं गेली. मागोमाग लाल चिंधीच्या खुंट्या ठोकल्या. त्यातली एक माझ्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. मला वाटलं रस्ता होणार. आता माझ्या भावाच्या, अजिनाथच्या, नावानं नोटीस आली की गॅसची पाइपलाइन जाणार आहे. नोटीस मराठीत आहे, मी दोनदा वाचली, पण काय म्हणायचंय ते कळेना.

मला हे सांग. ती नळी किती खोल घालतात? वरून पेरता येतं का? गॅस येतो कुठून आणि जातो कुठं? आमच्या रानातून जातो तर आमच्या गावात उतरत का नाही? आत वाहताना आवाज होतो का? (मला ऐकू येणार नाही, पण म्हशीला येईल.) रान मग कुणाचं राहतं, आपलं की त्यांचं?

आणि एक. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही त्या माणसाला हे विचारायचा हक्क असतो का? तुला माहीतच आहे, मी सासरहून परत आले तेव्हा आबांनी हे खालचं रान मला "कसून खा" म्हणून तोंडी दिलं. दोन खोल्याही मी इथंच बांधल्या. कागदावर सगळं अजिनाथचंच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त विचारते.

तुझी
सत्यशीला मावशी


बेलापूर, ता. श्रीरामपूर
२० जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी आडवी पडून वाचलं आणि हेही आडवी पडूनच लिहितेय, म्हणून अक्षर असं घसरलंय. मी आईकडे आलेय. सातवा महिना आहे, डॉक्टरांनी जरा पडून राहायला सांगितलंय, विशेष काही नाही. श्रीरामपूरचं कोर्ट सध्या माझ्यावाचून चाललंय. त्यामुळे तुझं काम माझ्या हातात आलेलं एकमेव काम आहे आणि ते मी जीव लावून करणार आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. रान आपलंच राहतं. पेट्रोलियम पाइपलाइनसाठी वेगळा कायदा आहे. त्यात जमीन घेत नाहीत, फक्त जमिनीखालून नळी नेण्याचा हक्क घेतात. त्याला "वापराचा हक्क" म्हणतात. नळी निदान एक मीटर खोल असावी लागते. वरून ज्वारी पेर, कांदा लाव, कुणी अडवणार नाही. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. कायमचं. आवाज होत नाही म्हणतात. गॅस कुठून येतो ते मला नीटसं ठाऊक नाही, आणि तुझ्या गावात का उतरत नाही हा प्रश्न तर मला सुचलाच नव्हता. आता सुचलाय.

महत्त्वाचं हे की ज्या जमिनीवर राहतं घर आहे तिच्याखालून नळी नेता येत नाही. घराला लागून असलेल्या अंगणाखालूनही नाही. असं कायदाच म्हणतो. मग त्यांची खुंटी तुझ्या भिंतीला कशी काय लागली?

आणि हो, हक्क आहे. हरकत घेणारा मालकच असला पाहिजे असं नाही. त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे तो कुणीही एकवीस दिवसांत लेखी हरकत घेऊ शकतो. मग सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेला अधिकारी त्याचं म्हणणं ऐकून घेतो. तू तिथं राहतेस, रान कसतेस. तुझा नाही तर कुणाचा हितसंबंध?

मी येऊन बघू शकत नाही, म्हणून तू मला रान दाखव. दार कुठल्या दिशेला आहे? खुंट्यांची रांग कुठून कुठं जाते? शेजारी कोण? सकाळी घराची सावली खुंटीवर पडते का? आणि हे नीट आठवून सांग. आबा गेल्यावर तुझी हक्कसोडीवर सही घेतली होती का?

तुझी
मोनिका


खालची वस्ती
२४ जानेवारी २०२५

चि. मोनिका,

"विशेष काही नाही" असं बाईमाणूस लिहितं तेव्हा काहीतरी असतंच. उठू नकोस. डाव्या कुशीवर झोप.

रान दाखवते. माझं दार उगवतीला, समोर लिंब आहे. दाराबाहेर अंगण, मग ज्वारी, आता हुरड्यात आली आहे. ज्वारीच्या पलीकडे बांध आणि बांधाच्या पलीकडे गोजरबाईचं रान. आम्ही दोघी एकमेकींचे दिवे बघून झोपतो. घराच्या मागं मावळतीला माळ चढतो, मुरूम आणि खडक. त्या उतारावर मी सीताफळं लावली. गेल्या साली पहिल्यांदा फळ धरलं, टोपलीभर निघालं. खुंट्या उत्तरेकडून येतात, माझ्या मागच्या खोलीखालून पुढं अंगणाच्या कोपऱ्यातून निघतात आणि ओढा ओलांडतात. सकाळी माझ्या घराची सावली बरोबर खुंटीवर पडते. हे मी मुद्दाम उठून पाहिलं.

परवा मशीनवाल्यांतला हर्षल नावाचा इंजिनिअर पुन्हा आला होता. पोरगा बरा आहे. माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलला. मी त्याला चहा दिला आणि माझे सगळे प्रश्न विचारले. तो हसला. म्हणाला, "आजी, एवढे प्रश्न आम्हाला कुणीच विचारत नाही. लोक एवढंच विचारतात की पैसे कधी मिळणार." गॅस समुद्राकडून येतो म्हणे, मोठ्या नळीतून लांबच्या शहरांकडं जातो. गावोगावी उतरवायचा तर वेगळी बारीक नळी लागते, ती पुढंमागं येईल. मी म्हटलं, "म्हंजी वरात आमच्या दारावरनं, जेवनावळ दुसऱ्याच्या गावात."

मग मी त्याला तुझा प्रश्न विचारला. राहत्या घराखालून नळी कशी? त्यानं आपली वही काढली आणि आतल्या नकाशावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आजी, नकाशात इथं घर नाहीये. गोठा लिहिलाय."

मी त्याच्या हातातल्या कपाकडे बघितलं. गोठ्यात बसूनच तो चहा पीत होता तर. त्यालाही ते कळलं असावं, कान लाल झाले त्याचे.

गोजरबाईच्या रानाचं सांगायचं राहिलं. बांधापासून थोड्याच अंतरावर पाणाड्यानं तिला पाणी दाखवलंय, उन्हाळ्यात विहीर पाडणार आहे. नवरा गेल्यापासून ती त्याच एका गोष्टीची वाट बघते आहे.

तुझी
मावशी


बेलापूर
२८ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

तुझ्या पत्रातल्या गोठ्यानं माझी झोप उडवली. छताकडे बघत तुझं रान मनात उभं करते. लिंब, ज्वारी, बांध, गोजरबाईंचा दिवा. सगळं जागच्या जागी बसतं, पण घराच्या जागी "गोठा" कुठून आला तेवढं बसत नाही. ही चूक नसणार. मोजणी करणाऱ्यांनी काम सोपं व्हावं म्हणून मुद्दाम लिहिलं असेल. घर दाखवलं की वळण घ्यावं लागतं, खर्च वाढतो. हर्षल गोड बोलतो म्हणून भुलू नकोस. त्याला विचार की ही नोंद कुणी सांगितली, कुणाच्या तोंडच्या शब्दावर केली.

सोबत हरकतीचा अर्ज लिहून पाठवलाय. तुझ्या हातानं उतरवून काढ, सही कर आणि नगरच्या कार्यालयात देऊन पोच घे. मुदत थोडी आहे. आणि जोडायला पुरावे बघ. लाइटबिल, रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, घरपट्टीची पावती, ज्याच्यावर या घराचा पत्ता असेल ते काहीही.

हक्कसोडीचं तू लिहिलं नाहीस. सही केली असलीस तरी सांग. मी रागावणार नाही, फक्त मला आधी कळायला हवं.

तुझी
मोनिका


खालची वस्ती
५ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका,

अर्ज दिला. पोच आणली. गोजरबाई सोबत आली होती, तिनं एसटीत मला खिडकी दिली. कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईनं माझा अर्ज वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर छान आहे तुमचं." मी सातवी पास आहे हे तिला सांगायचं राहिलं.

तुझ्या पुराव्यांची गंमत ऐक. लाइटबिल अजिनाथच्या नावावर आहे आणि त्यावर शेतीचं कनेक्शन लिहिलंय. रेशनकार्डात मी अजिनाथच्या कुटुंबात, पत्ता गावातल्या घराचा. मतदान ओळखपत्रावरही तेच. घरपट्टी नाही, कारण रानातल्या खोल्यांची नोंद कुणी केलीच नाही. म्हणजे कागद बघितले तर मी गावात भावाकडे राहते आणि इथं म्हैस राहते. मी पेटी आवरून बसले आणि मला हसू आलं. इतकी वर्षं इथं चूल पेटते आहे, आणि धुराचा कुणाकडे दाखला नाही.

नोंद कुणी सांगितली हे हर्षलला विचारायची गरज वाटत नाही. तो भला माणूस आहे. ज्यानं सांगितलं त्यानं सांगितलं. त्यानं काय फरक पडतो? तू त्याच्या मागं लागू नकोस.

अजिनाथ हल्ली रानात येत नाही. त्याची गुडघेदुखी वाढलीय म्हणे.

तुझी
मावशी


बेलापूर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

फरक पडतो! नोंद खोटी ठरली तरच घर खरं ठरणार. तू कंपनीच्या माणसाला का सांभाळून घेतेस तेच मला कळत नाही.

कागद नसले तर माणसं लागतील. गोजरबाईंचा लेखी जबाब घे की ही बाई माझ्या बांधाला राहते, अमुक सालापासून तिथं तिची चूल आहे. त्यांच्याइतकं हे कुणालाच ठाऊक नाही. दुसरा जबाब अजिनाथमामांचा. मालकच म्हणाला की इथं माझी बहीण राहते, तर प्रश्नच मिटला.

सुनावणीची तारीख आली की कळव. मी येऊ शकणार नाही. डॉक्टर आता बाथरूमपर्यंत सुद्धा जपून जा म्हणतात. वकील असून तुला एकटीला पाठवावं लागतंय याची मला लाज वाटते.

तुझी
मोनिका


खालची वस्ती
१९ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका,

लाज वाटायचं कारण नाही. तू माझ्यासाठी पडल्यापडल्या लिहितेस, हे उभं राहून लढण्यापेक्षा सोपं नाही.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. पण एक गाठ पडली आहे. हर्षल म्हणाला, घर मान्य झालं तर रेष सरकवावी लागेल आणि सरकवायला सोपी बाजू उगवतीची, कारण तिथं माती खोल आहे. म्हणजे गोजरबाईचं रान. तिच्या विहिरीची जागा बरोबर पट्ट्यात जाते. पट्ट्यात विहीर खोदता येत नाही, हे तूच मला लिहिलं होतंस.

मी हे तिला लपवून जबाब मागू शकत नव्हते. बांधावर बसून सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पदर सावरला आणि उठून गेली. चार दिवस झाले, बोलली नाही. संध्याकाळी दिवा दिसतो, तेवढाच.

मावशी


बेलापूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

तू त्यांना आधी सांगायला नको होतंस. मी वकील म्हणून बोलतेय. रेष कुठं सरकेल हा कंपनीचा प्रश्न आहे, तुझा नाही. गोजरबाईंना त्यांची हरकत वेगळी घेता येईल. आता त्या उलटल्या, किंवा त्यांना कुणी उलटवलं असेल, तर तुझ्याकडे एकही साक्षीदार उरत नाही. पुन्हा जा. हात जोड. आणि मामांना गाठ.

खरं सांगू का, पत्र आलं की मी आधी तुझं रान बघते आणि मग माझं पोट. कसलीतरी मोठी काळजी समोर असली की लहान वाटणारी काळजी गप्प बसते.

मोनिका


खालची वस्ती
२२ मार्च २०२५

चि. मोनिका,

चांगुणाचं कार्ड आलं. मुलगी झाली, लवकर झाली, काचेच्या पेटीत आहे, पण दूध घेते आहे. "विशेष काही नाही" म्हणाली होतीस ना? आधी दोनदा काय झालं तेही चांगुणानं लिहिलंय. तू मला सांगितलं नाहीस याचा राग नाही. मीही तुला एक गोष्ट सांगितली नव्हती.

तू म्हणालीस, गोठा कुणी सांगितला ते शोध. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मोजणीवाले आले तेव्हा मी लिंबाखाली ज्वारी पाखडत होते. ते अजिनाथशी बोलत होते, लांब, बांधाच्या टोकाला. त्यांना वाटलं बहिरी बाई, काय ऐकणार. पण अजिनाथचं तोंड माझ्याकडे होतं. एकानं माझ्या घराकडे हात केला आणि अजिनाथ म्हणाला, "त्यो गोठा हाय." मी त्याला बोलायला शिकवलंय, मोनिका. त्याच्या ओठांवरचा शब्द मला चुकत नाही.

तुला लिहिलं असतं तर तू त्याला कोर्टात उभा केला असतास. मला त्याला उभा करायचं नव्हतं. मला फक्त जाणून घ्यायचं होतं की त्यानं असं का म्हटलं. माझा समज असा की रानाच्या लोभानं म्हटलं.

सुनावणीच्या आधी तो ज्वारीच्या खळ्यावर एकटा सापडला. मी म्हटलं, "गोठा म्हनलास ते मी बघितलंय." त्यानं पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "घर म्हनलो आसतो तर म्हनले आसते, कुनाचं? मग काय सांगायचं?"

"खरं सांगायचं."

"खरं सांगितलं की लोक म्हनत्यात, बहिणीला रानात टाकली. गावात घर आसून. आजवर कुनी तोंडावर ईचारलं न्हाई म्हनून चाललं, आक्का."

"आन रविराज?"

त्यानं मान खाली घातली. "त्यो म्हनला, एकदा घर लिवून झालं की आत्या हिस्सा मागंल."

म्हणजे लोभ होताच, पण त्याच्याआधी लाज होती. मला इतके दिवस एकच दिसत होतं.

सुनावणीला नगरला गेलो. अधिकारी बाई आहेत, मोठ्या चष्म्याच्या. कंपनीचा माणूस म्हणाला गोठा, मी म्हटलं घर. अजिनाथ शेवटच्या बाकावर बसून होता, त्याला कुणी विचारलं नाही आणि तो उठला नाही. बाई म्हणाल्या, "भांडू नका. मी येऊन बघते."

आणि त्या बाहेर पडायच्या आत दारातून गोजरबाई आली. दुसऱ्या एसटीनं आली होती, एकटी. कागदावर जबाब लिहून आणला होता, सही केलेला. बाईंनी तिला विचारलं, "रेष तुमच्या रानात सरकू शकते, माहीत आहे ना?" गोजरबाई म्हणाली, "म्हाईत हाय. ईहीर हुईल न हुईल. पर ह्या बाईचा दिवा मी रोज बघती, त्यो गोठ्यात लावत्यात व्हय?"

तू म्हणालीस तिला कुणी उलटवलं असेल. कुणी नाही. ती विचार करत होती. माणसाला वेळ लागतो.

परवा बाई रानात आल्या. हर्षल होता, तलाठी होते, अजिनाथला बोलावलं होतं, त्याच्या मागं रविराजही आला होता. बाई घरात आल्या, चुलीपाशी थांबल्या, भिंतीवरची काजळी बोटानं पुसून बघितली. मग बाहेर येऊन अजिनाथकडे वळल्या. "इथं कोण राहतं?"

मी दारात उभी होते. त्याच्या तोंडावरून माझी नजर हलली नाही. आधी ओठ मिटलेलेच. रविराजनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा अजिनाथनं त्याच्यापुढं हात धरला.

"आमची आक्का ऱ्हाती," तो म्हणाला. "लई वर्सं झाली."

"मग गोठा कुणी सांगितलं?"

"मीच."

बाईंनी त्याला आणखी काही विचारलं नाही. हर्षलला म्हणाल्या, रेष सरकवा. तो म्हणाला उगवतीला सोपं आहे. तेव्हा मी बोलले. म्हटलं, मावळतीनं न्या, माझ्या माळावरनं. तो म्हणाला, "आजी, तिथं खडक आहे. आणि तुमची सीताफळं जातील. पुन्हा लावता येणार नाहीत." मी म्हटलं, "खडक फोडायला तुमच्याकडं मशीन हाय. तिच्याकडं दुसरी पान्याची जागा न्हाई."

त्यांनी मोजून बघितलं. होतं म्हणाले. नवी अधिसूचना काढावी लागेल, सहा-आठ महिने जातील.

पोरीला अंगाला लावून झोप. कांगारूसारखं, असं करतात म्हणे.

तुझी
मावशी


श्रीरामपूर, दवाखान्यातून
४ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी पेटीशेजारी बसून वाचलं. खरं सांगते, आधी रागच आला. घर वाचवून हातात आलेला निकाल तू स्वतःच्याच माळावर फिरवून घेतलास. पहिलं फळ धरलेली सीताफळं! कुठल्याही वकिलानं तुला हे करू दिलं नसतं. बरं झालं मी तिथं नव्हते.

आणि माझं दोन ठिकाणी चुकलं. हर्षलवर संशय घेतला, गोजरबाईंवर घेतला. लांबून बघताना मला सगळीकडे कुणीतरी फसवणारा दिसत होता. तिथं मात्र एक लाजलेला भाऊ निघाला.

तू मला विचारत नाहीस, पण मी सांगते. नव्या नोटिशीत तुझं नाव कब्जेदार म्हणून यायला हवं. झाडांची आणि पिकाची भरपाई कसणाऱ्याची असते, ती तुझी आहे, मामांची नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट. आबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि तू हक्कसोड केली नसशील, तर त्या रानात तुझा वाटा अजिनाथमामांइतकाच आहे. तो कुणी द्यायचा नसतो, तो आहेच. वारस म्हणून नाव लावायला अर्ज करावा लागतो, एवढंच.

तिसऱ्यांदा विचारते. सही केली होतीस का?

पोरगी आता पेटीबाहेर आलीय. माझं बोट धरते आणि सोडत नाही. नाव अजून ठरत नाही. तुझ्या डोक्यात काही आहे का?

तुझी
मोनिका


खालची वस्ती
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मोनिका,

मधे तुझी दोन पत्रं येऊन गेली, मी नुसती खुशाली कळवली. सगळं पार पडल्यावरच नीट लिहायचं ठरवलं होतं.

नवी नोटीस भाद्रपदात आली. अजिनाथच्या नावाखाली माझं नाव होतं, आबांचं नाव मधे लावून. पावसानं उघडीप दिल्यावर मशीनं आली. खडक फोडायला त्यांना वाटलं त्याहून जास्त दिवस लागले. मी रोज कडेला जाऊन उभी राहायची. नळ्या जोडताना जाळ कसा निळा होतो, जोड पक्का आहे का ते कसं तपासतात, खाली आधी मऊ माती का घालतात, सगळं हर्षलला विचारून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या." सीताफळं तोडली त्या दिवशी मात्र मी घरातच बसले. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. आता वरून माती टाकून सपाट केलंय, ज्वारी उगवून आलीय. गोजरबाईच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी लागलं. फार नाही, पण लागलं.

आता तुझा प्रश्न. नाही. सही केली नव्हती. आबा गेल्यावर भावजय एकदा कोरा स्टँप घेऊन आली होती. मी म्हटलं चष्मा सापडत नाही. ती पुन्हा आली नाही आणि मी पुन्हा विषय काढला नाही. तुला सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाली असतीस, अर्ज कर. आणि मग मला "नको" तरी म्हणावं लागलं असतं नाहीतर "हो" तरी. मला दोन्हींची भीती वाटत होती. भाऊ राहिला तर रान जातं, रान मागितलं तर भाऊ जातो, असंच धरून बसले होते.

दसऱ्याला आपटा द्यायला गावात गेले तेव्हा अजिनाथला म्हटलं, "माझं नाव लावायचा अर्ज देनार हाय."

तो म्हणाला, "रविराजला ईचारावं लागंल."

मी म्हटलं, "ईचारू नगं. सांग."

त्या दिवसापासून रविराज माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसला की गाडीचा वेग वाढवतो. गावात दोन तोंडं झाली आहेत. काही म्हणतात म्हातारपणी बाईला अवदसा आठवली, काही बायका मात्र हळूच विचारतात की अर्ज कुठं मिळतो. मी सांगते. तुझा पत्ताही दिलाय दोघींना, तयार राहा.

मी एकटीनंच तलाठ्याकडे अर्ज दिला. नोटिसा निघाल्या, हरकत घ्यायची मुदत दिली. ती मुदत चालू होती तोवर मला जेवण गोड लागलं नाही. अजिनाथ फिरकलाही नाही.

काल सकाळी मी भाकरी थापत होते. उंबऱ्यावर सावली पडली. बघते तर अजिनाथ. एरवी तो सरळ आत येऊन माठातलं पाणी ओतून घेतो. काल बाहेरच थांबला होता, चप्पल काढून, टोपी हातात.

मी म्हटलं, "काय झालं?"

म्हणाला, "मंडल अधिकाऱ्याकडं गेल्तो. जबाब देऊन आलो. माझी हरकत न्हाई म्हनून."

"आन पोरगा?"

"त्यो आला न्हाई. त्यानं हरकत बी घेतली न्हाई. फुगलाय नुसता." मग म्हणाला, "मला म्हनला, आता तुमी जावा तुमच्या बहिणीकडं."

"मग आलास?"

"मग आलो."

मला हसू आलं आणि त्यालाही. तो आत येऊन चुलीजवळ बसला. मी त्याला भाकरी वाढली, वर ताजं लोणी ठेवलं. निम्मी खाल्ल्यावर तो म्हणाला, "त्याला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, ज्वारी हुरड्यात आली की आत्याच्या घरी ये म्हनावं."

तो येईल का, ते बघू. तू मात्र पोरीला घेऊन ये. तिचं नाव निकिता ठेवलंस ते मला आवडलं. मला उच्चार ओठांवर स्वच्छ दिसतो.

तुझी
सत्यशीला मावशी